पाय सुजले होते एवढं आठवतंय

गेल्या मार्गशीर्षात माझ्या मोठ्या नणंदेच्या छातीत दुखायला लागलं. वय सत्तेचाळीस. घरात सगळ्यांनी पित्त ठरवलं. ओवा चावून झाला, खायचा सोडा झाला, कोणीतरी पाठीला तेल चोळलं. तिसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या गावी नेलं तेव्हा कळलं, हृदयाच्या एका रक्तवाहिनीत अडथळा आहे. डॉक्टर तरुण आणि सज्जन होते. विचारायचं ते त्यांनी सगळं विचारलं. मिश्री लावता का? वडिलांना हृदयाचा त्रास होता का? साखर आहे? बीपीची गोळी चालू आहे? एक प्रश्न तेवढा राहिला: पहिल्या बाळंतपणात काय झालं होतं?

त्या बाळंतपणात बरंच काही झालं होतं. आठव्या महिन्यात ताईंचे पाय सुजले, मग तोंड सुजलं, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. रातोरात जीप करून नेलं आणि सिझर झालं. मुलगी चौतिसाव्या आठवड्यात आली, वजन १८०० ग्रॅम. ती काचेच्या पेटीत वाढली आणि घरी आली. बाळ-बाळंतीण वाचल्या म्हणून घरानं कुलदैवताचा नवस फेडला आणि दवाखान्याची फाईल पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेली. पुढची चोवीस वर्षं तेव्हा चढलेल्या त्या रक्तदाबाची आठवण ना कुटुंबाला राहिली, ना एकाही डॉक्टरला.

मला या फाईलबद्दल बोलायचं आहे. तिच्याच निमित्ताने गरोदर बाईच्या ताटाबद्दल आणि तिच्या चालण्याबद्दलही. आपल्याकडे गरोदरपणातल्या आहार-व्यायामाचा सल्ला देतो आपण बाईला, आणि ती काय खाणार, कधी खाणार, किती चालणार, किती ओझं उचलणार हे ठरवतात दुसरेच. शिवाय हा सगळा सल्ला बाळासाठी असतो. ज्या हृदयावर हे नऊ महिने चालतात त्याचं नाव त्यात क्वचित येतं.

आधी हृदयाचं. गरोदरपणात अंगातलं रक्त चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढतं. ते फिरवायला हृदय दर मिनिटाला तीस ते पन्नास टक्के जास्त रक्त ढकलतं, नाडी दहा-वीस ठोक्यांनी जलद होते. बाई झोपलेली असते तेव्हाही हे चालू असतं. हृदयाची ताकद पाहायला डॉक्टर माणसाला ट्रेडमिलवर दहा-बारा मिनिटं चालवतात. इथे निसर्ग बाईला नऊ महिने चालवतो. बहुतेकींचं शरीर ते पेलतं. काहींचा रक्तदाब विसाव्या आठवड्यानंतर १४०/९० च्या वर जातो, लघवीत प्रथिनं उतरतात, यकृत-मूत्रपिंडावर ताण येतो. यालाच प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. काहींची साखर वाढते. बाळंतपणानंतर दोन्ही सहसा खाली येतात आणि घर म्हणतं, सुटली एकदाची.

सुटलेली नसते. प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या बाईला पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका इतरांच्या जवळजवळ दुप्पट असतो. कायमचा रक्तदाब मागे लागण्याची शक्यता त्याहूनही जास्त असते. गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका तर कैक पटींनी मोठा. तेविसाव्या वर्षी शरीरानं अशी लेखी सूचना देऊन ठेवलेली असते आणि आपण ती रद्दीत घालतो.

महाराष्ट्रानं बाळंतपणातले मृत्यू कमी केले आहेत, ते मान्य करायलाच हवं. २०१८-२० च्या सरकारी नमुना नोंदणी पाहणीत दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचे मृत्यू, म्हणजे देशात केरळच्या खालोखाल. आशाताई, एएनएम म्हणजे उपकेंद्रातली आरोग्यसेविका, १०८ ची गाडी, संस्थेत बाळंतपण, या सगळ्यांचं ते यश आहे. पण मातामृत्यूची व्याख्याच बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांनी संपते. त्रेचाळिसाव्या दिवशी बाई सरकारच्या लेखी माता राहत नाही, ती नुसती लसीच्या रांगेत बाळाला घेऊन उभी असलेली बाई होते.

आता ताटाकडे.

गरोदर बाईला आपल्याकडे दोन उलटसुलट सल्ले मिळतात आणि गंमत म्हणजे कधीकधी एकाच घरात मिळतात. एक, ‘दोन जिवांची आहेस, दोघांचं खा.’ दुसरा, ‘फार खाऊ नकोस, पोर पोटात मोठं झालं तर सुटका अवघड जाईल.’ पहिला शहरात जास्त ऐकू येतो, दुसरा गावांत आणि पाड्यांवर. चूक दोन्ही. दोघांचं खायचं नसतं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या आणि हैदराबादच्या पोषण संस्थेच्या हिशेबानं जास्तीची गरज रोज साडेतीनशे कॅलरींची असते. म्हणजे एक ज्वारीची भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि पेलाभर दूध. बस्स. आणि जिला कमी खायला सांगितलं जातं तिला नेमकं हेच मिळत नाही.

हृदयाला मानवणारा आहार म्हटलं की मोबाईलवर ऑलिव्ह तेल आणि ॲव्होकाडो दिसू लागतात. मला त्याचा राग येतो. आमच्याकडच्या शेतमजूर घरात आजही होणारा एक डबा घ्या: ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, मेथी नाहीतर चाकवत, जवसाची नाहीतर तिळाची चटणी, वर ताक. कोकणात त्यात बांगडा किंवा मांदेली घाला. तंतुमय पदार्थ, प्रथिनं, लोह, ओमेगा-तीन, सगळं यात आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि कॅल्शियमचा संबंध नुसता हाडांशी नाही. जिथे आहारात कॅल्शियम कमी पडतं तिथे गरोदरपणात ते पुरवलं की प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका कमी होतो. जागतिक आरोग्य संघटना त्यासाठीच ते द्यायला सांगते, सरकारी दवाखान्यातून कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात त्याही यासाठीच. कित्येक घरांत त्या कपाटावर पडून असतात. लोहाच्या गोळ्यांचीही तीच गत. ‘बाळ काळं होतं’ ही समजूत मी डबल ग्रॅज्युएट बायकांच्या तोंडूनही ऐकली आहे. गरोदर बायकांत जवळपास निम्म्या रक्तक्षयी असलेल्या राज्यात ही थट्टेची गोष्ट नाही. रक्त पातळ असलं की हृदयाला तेवढाच प्राणवायू पोचवायला जास्त वेळा धडकावं लागतं.

मग बिघडतं कुठे? बिघडतं ते चहा-बिस्किटात. पुण्या-मुंबईच्या आणि आता आमच्या तालुक्याच्याही गरोदर बाईचा खरा आहार कोणता, असं मला विचाराल तर मी चहा आणि खारी म्हणेन. सकाळी उलटी होते म्हणून खारी, अकराला भूक लागते म्हणून बिस्कीट, चारला कोणी आलं म्हणून फरसाण. प्रत्येक वेळी चहा, आणि जेवणाला लागून घेतलेला चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. मैदा, वनस्पती तूप, साखर, मीठ. मिठाबद्दल थोडं जपून बोलायला हवं. गरोदरपणात मीठ तोडलं की प्रीएक्लॅम्प्सिया टळतो असं दिसलेलं नाही, त्यामुळे पाय सुजलेल्या बाईला अळणी जेवायला घालून दवाखाना टाळणं हे धोक्याचं आहे. पण दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ ही मर्यादा सगळ्यांसाठीच आहे, आणि पापड, लोणचं, ठेचा, फरसाण असा ज्यांचा संसार आहे ते घर ती सकाळच्या न्याहारीतच ओलांडतं. तिथे बदल एकट्या गरोदर बाईनं करून भागत नाही. सासऱ्यांनाही लोणच्याची फोड अर्धी करावी लागते, आणि खरं सांगायचं तर गरज त्यांना तिच्याहून जास्त असते.

डोहाळजेवणावर मी टीका करणार नाही. आयुष्यात एकदा एखाद्या मुलीला मध्ये बसवून, फुलांचे दागिने घालून, तिला काय आवडतं ते विचारणारा दुसरा समारंभ आपल्याकडे नाही. एका दिवसाच्या पेढ्या-बर्फीनं कोणाचं हृदय बिघडत नाही. बिघडतं ते त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दोनशे दिवसांत, ज्या दिवसांत कोणी विचारत नाही. नवव्या महिन्यात वाटीवाटीनं तूप पाजून बाळंतपण सुलभ होतं हे मात्र खोटं आहे. बाळ काही तुपावरून घसरत येत नाही.

दोनशे दिवस कोणी विचारत नाही म्हणजे काय, ते आमच्याच स्वयंपाकघरात पाहा. सकाळी दोन डबे भरतात, नवऱ्याचा आणि मुलाचा. भाजी त्यांत जाते. दुपारी सासू-सासरे जेवतात, वरणातली डाळ त्यांच्या वाटीत जाते. दोन वाजता सून बसते तेव्हा कढईत रस्सा आणि पातेल्यात वरचं पाणी उरलेलं असतं. तिला कोणी उपाशी ठेवलेलं नाही. तिच्यावर अन्याय करायचं कोणाच्या मनातही नाही. फक्त तिचा नंबर शेवटचा आहे, आणि पौष्टिक ते आधी संपतं. या बाईला तुम्ही आहाराचं रंगीत पत्रक दिलंत तर ती ते वाचून काय करणार?

हे मी हवेत बोलत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा गरोदरपणाआधीपासून अभ्यास केला. त्यांची मुलं जन्मली, वाढली, त्यांचाही अभ्यास चालू राहिला. जगानं त्याची दखल घेतली, आपल्याकडे तो फारसा घरी पोचला नाही. त्या गावांतलं बाळ सरासरी २.७ किलोचं, तर इंग्लंडमधलं साडेतीन किलोचं. पण आपलं बाळ सगळीकडून सारखं बारीक नव्हतं. स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. याज्ञिकांनी त्याला बारीक पण चरबीदार बाळ म्हटलं. पुढे चाळिशीतल्या भारतीय माणसाला पोट सुटताच मधुमेह आणि हृदयविकार का गाठतो, त्याच्या मुळाशी जाणारं एक टोक इथे सापडलं. आणि मोठी बाळं कोणाची होती? आईनं एकूण किती कॅलरी खाल्ल्या याच्याशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा खाल्लं त्याच्याशी. पोट भरणाऱ्या अन्नाशी नव्हे तर आधी संपणाऱ्या अन्नाशी.

मुंबईच्या वस्त्यांत पुढे याच धाग्यावर एक मोठा प्रयोग झाला. बायकांना गरोदरपणाआधीपासून रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ दिला गेला, समोशासारखा, टिक्कीसारखा, चवीचा. बाळांच्या वजनावर एकंदरीत मोठा परिणाम दिसला नाही. ज्यांनी गर्भ राहण्याच्या तीन महिने आधीपासून तो खाल्ला त्यांच्यात थोडी वाढ दिसली. पण आईच्या बाबतीत एक गोष्ट ठसठशीत दिसली: गरोदरपणातला मधुमेह १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आला. रोजचा एक खाऊ, त्यात औषध काही नाही. आणि यातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तपशील सहसा कोणी सांगत नाही. तो खाऊ केंद्रावर येऊन, तिथेच बसून खायचा होता. घरी न्यायचा नव्हता. घरी नेला असता तर त्याचं काय झालं असतं हे कोणत्याही सुनेला विचारा.

महाराष्ट्र सरकारला हे ठाऊक नाही असं नाही. आदिवासी भागात २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत रोज एक वेळचं गरम जेवण मिळतं. योजनेची अंमलबजावणी जागोजागी कमी-जास्त आहे, अंगणवाडीताईंची बिलं रखडतात, हे सगळं खरं. तरी तिच्या मुळाशी असलेली कल्पना पक्की आहे: बाईच्या पोटात जेवण जावं असं वाटत असेल तर ते तिच्या घराच्या उंबऱ्याबाहेर वाढा. बाकीच्या महाराष्ट्रात मात्र शिध्याची पाकिटं घरी जातात आणि चार तोंडांत वाटली जातात, नाहीतर चव नाही म्हणून दावणीला जातात. माझं म्हणणं असं की गरम जेवण आदिवासी तालुक्यांच्या बाहेर न्यावं. शहरातल्या वस्त्यांत न्यावं, आणि ऊसतोडीच्या तळावर तर सर्वांत आधी.

तळाचं नाव निघालं म्हणून व्यायामाकडे येते.

वाळवा तालुक्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवरून दिवाळीनंतर ऊसतोडीच्या कोप्या दिसतात. बीडकडची माणसं. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या जोडीवर मिळते, त्यामुळे बाई पोटुशी असली तरी कोयता अर्धा करता येत नाही. पहाटे चारला ती उठते, अंधारात भाकरी थापते, दिवस उगवायच्या आत फडात असते. ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. खाडा केला तर मुकादम पैसे कापतो. २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी आली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. शरीर ही कामातली अडचण आहे असं एकदा ठरलं की माणूस कुठपर्यंत जातो ते या आकड्यात आहे.

फडापासून पाच किलोमीटरवर, तालुक्याच्या गावी, माझ्या ओळखीची एक बँकेतली मुलगी पाचव्या महिन्यापासून पलंगावर होती. गुंतागुंत काही नव्हती. लग्नानंतर सहा वर्षांनी दिवस राहिले होते म्हणून सासूनं जिना बंद केला, आईनं खाली वाकणं बंद केलं, आणि डॉक्टरांनीही नाही म्हटलं नाही. निरोगी गरोदरपणात अशा पूर्ण विश्रांतीचा फायदा दिसलेला नाही. पायाच्या नसांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो, स्नायू गळतात, साखर चढते. वार (प्लासेंटा) खाली असणं, रक्तस्राव, मुदतीआधीच्या कळा, हृदयाचा आजार अशी कारणं असतील तेव्हा गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टर सांगतील तसंच. बाकी सगळ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला १५० मिनिटांच्या मध्यम हालचालीची आहे. सोपं मोजमाप असं: चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये इतपत दम लागावा. पाच दिवस, रोज अर्धा तास. यानं गरोदरपणातला मधुमेह आणि रक्तदाब दोन्हींचा धोका कमी होतो.

मग फडातली बाई तर दिवसाला दहा तास हालचाल करते, तिचं हृदय सगळ्यात सुदृढ असायला हवं? इथेच ‘व्यायाम’ हा शब्द फसवतो. पुण्याच्या त्याच गावांतल्या अभ्यासात शेतातलं कष्टाचं काम करणाऱ्या, लांबून पाणी आणणाऱ्या बायकांची बाळं लहान निघाली. व्यायाम आणि कष्ट यांत घाम सारखाच येतो. फरक आहे तो हा की व्यायामात थांबायचं कधी हे आपण ठरवतो आणि त्याआधी पोटात काहीतरी गेलेलं असतं. मोळी घेऊन फळीवर चढलेली बाई थांबू शकत नाही. तिला विश्रांती हवी आहे आणि बँकेतल्या मुलीला चालणं. आपण नेमकं उलटं वाटप केलं आहे, आणि आरोग्याची पत्रकं दोघींना एकच छापतो.

बँकेतली मुलगी पुढे चालायला तयार झाली, तेव्हा चालायचं कुठे हा प्रश्न आला. फूटपाथवर दुचाक्या. तिथल्या मैदानावर संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळतात आणि कट्ट्यावर पुरुष बसतात. मोठ्या पोटाची बाई एकटी फेऱ्या मारते हे दृश्य आमच्या गावाला अजून पचत नाही. शेवटी ती घराच्या अंगणात वडाला फेऱ्या घालाव्यात तशी तुळशीभोवती फिरू लागली, तेव्हा मात्र कोणी हरकत घेतली नाही. मला हसू आलं, पण उपाय बरा होता. आमच्या आज्या जात्यावर बसायच्या, ‘आम्ही शेवटच्या दिवसापर्यंत काम केलं’ हे त्यांचं पालुपद खरंही होतं. त्यांच्यातल्या किती जणी बाळंतपणात गेल्या हे मोजलं गेलं नाही, एवढंच त्यात जोडते.

शहरात या जागी आता गर्भसंस्काराचे वर्ग आले आहेत. मी दोन पाहिले. शांत संगीत, श्लोक, सकारात्मक विचार, बाळाशी बोलणं. त्यांत वाईट काही नाही, श्वासाचे आणि कंबरेचे काही व्यायाम तर चांगलेच होते. मला खटकलं ते वेगळं. हजारो रुपये फी घेणाऱ्या त्या खोलीत रक्तदाब मोजायचं यंत्र नव्हतं. आणि बाळ हुशार होईल की नाही, शांत होईल की नाही, याचा सगळा भार आईच्या मनावर टाकला होता. तिला घरात शेवटी जेवायला लागतं का, हे मात्र कोणी विचारलं नाही.

इथे माझ्याच युक्तिवादातला एक धोका कबूल करते. ‘पोटातच पुढचा हृदयविकार ठरतो’ हे वाक्य आईला बडवायची नवी काठी होऊ शकतं. मूल पुढे लठ्ठ झालं तर तू गरोदरपणात काय खाल्लं होतंस, असा जाब तिला विचारला जाईल. याज्ञिकांच्या अभ्यासात साठ-सत्तर टक्के बायकांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ती काही त्या बायकांची चूक नव्हती. दूध डेअरीला जातं, अंडं घरात शिजत नाही, आणि शिजलं तर मुलाला मिळतं. म्हणून मी पुन्हा पुन्हा ताटावरून घराकडे बोट वळवते. ज्याच्या हातात निर्णय, त्याला सल्ला द्या. नवऱ्याला तपासणीच्या दिवशी आत बोलवा आणि डबा भरताना आधी तिची वाटी काढून ठेवायला सांगा. साखर कारखान्याला सांगा की पोटुशीच्या कोयत्याची अर्धी उचल माफ करा.

दुसरा आक्षेप व्यवस्थेतून येतो. एएनएम आधीच कामाखाली दबलेली आहे, तिच्यावर आणखी एक रजिस्टर लादणार का? नाही. नवं काही नको. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तपासणी होते, माता-बालसंरक्षण कार्डावर रक्तदाब, हिमोग्लोबिन लिहिलं जातं. साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त बघतात, १४० च्या वर गेलं तर गरोदरपणातला मधुमेह. त्यासाठी उपाशीपोटी यावं लागत नाही. लांबून एसटीनं येणाऱ्या बाईसाठी ही केवढी सोय आहे! म्हणजे बाळंतपणापर्यंतची यंत्रणा आहे. त्यानंतर सहा आठवड्यांनी साखर पुन्हा तपासावी असंही सांगितलेलं आहे. ती तपासायला किती जणी येतात? सव्वा महिन्याची बाळंतीण स्वतःच्या तपासणीसाठी घराबाहेर पडत नाही. पण बाळाच्या लसीसाठी पडते. सहाव्या आठवड्याला येते, दहाव्याला, चौदाव्याला, नवव्या महिन्यात, मग दीड-दोन वर्षांच्या सुमाराला. एवढ्या वेळा ती आपणहून आरोग्य कर्मचाऱ्याच्या समोर येऊन बाकावर बसते, मांडीवर बाळ असतं, आणि लस दिल्यावर अर्धा तास तिला तिथे थांबायलाच सांगतात. त्या अर्ध्या तासात तिच्या दंडाला रक्तदाबाची पट्टी बांधायला दोन मिनिटं लागतात. ज्यांच्या कार्डावर गरोदरपणात रक्तदाब किंवा साखर वाढल्याची नोंद आहे, निदान त्यांच्या तरी. पुढे तिशी ओलांडलेल्यांची मधुमेह-रक्तदाबाची तपासणी सरकार करतंच. तिथल्या अर्जावर एक ओळ वाढवावी, गरोदरपणात काय झालं होतं? आणि ते कार्ड बाळाच्या जन्मदाखल्याबरोबर जपून ठेवायची गोष्ट आहे, हे घरी सांगावं.

एक सावधगिरी राहिली. गरोदर बाईला धाप लागते, पाय सुजतात, म्हणून सगळी धाप साधी नसते. लहानपणी सांधेदुखीच्या तापातून झालेला हृदयाच्या झडपांचा आजार आपल्याकडे अजून आहे, आणि तो पुष्कळदा पहिल्या गरोदरपणातच उघडा पडतो. सपाट झोपलं की दम कोंडणं, रात्री धापेनं उठून बसावं लागणं, खोकल्यातून फेस, छातीत दुखणं, जिन्याच्या चार पायऱ्यांत थांबावं लागणं, यांतलं काही असेल तर चालायचा सल्ला बाजूला ठेवून आधी दवाखाना. डोकं ठणकणं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकणं असेल तर त्याच दिवशी.

ताई आता बऱ्या आहेत. मिश्री सुटली, दोन वेळा अर्धा-अर्धा तास चालतात, लोणच्याची बरणी माळ्यावर गेली. काचेच्या पेटीत वाढलेली त्यांची मुलगी आज चोवीस वर्षांची आहे, पुण्यात असते, आणि तिला पाचवा महिना लागला आहे. गेल्या आठवड्यात तिच्या डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, तुझ्या आईला गरोदरपणात बीपीचा त्रास होता का? किती होतं? किती आठवड्यांना वाढलं? तिनं तिथूनच फोन लावला. मी ताईंच्या शेजारीच बसले होते. त्यांनी बराच वेळ विचार केला, माझ्याकडे पाहिलं, आणि फोनमध्ये म्हणाल्या, “अगं, पाय सुजले होते एवढं आठवतंय.”